मित्रांच्या कट्ट्यावर इंग्रजी कसं पक्कं करायचं: अवघड उच्चार, व्याकरण आणि आपली बाराखडी

आमचा पाच जणांचा कट्टा आहे. सांगलीत विश्रामबागेत चहाच्या गाड्यामागे एक पार आहे, तिथे दर रविवारी संध्याकाळी जमतो, आणि गेली दोन वर्षं तिथे एकच उद्योग चालू आहे तो म्हणजे इंग्रजी शब्दांचा आणि व्याकरणाचा कीस पाडणं. आम्ही सगळे मराठी माध्यमाचे. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं, आम्ही त्याच्या आधीचे, म्हणजे पाचवीत एबीसीडी गिरवलेले. वाचता येतं, लिहिता येतं, ईमेल जातो, पण बोलायची वेळ आली की घसा कोरडा.

सुरुवात झाली ती आमच्यातल्या एकाच्या मुलाखतीमुळे. कर्ज ह्या अर्थाचा जो इंग्रजी शब्द आहे तो त्याने स्पेलिंगप्रमाणे 'डेब्ट' असा म्हटला आणि समोर बसलेल्या माणसाने सरळ हसून शेजारच्याकडे बघितलं. त्याचा खरा उच्चार 'डेट', बी पूर्ण गप्प. त्या दिवशी तो पारावर येऊन अर्धा तास काही बोललाच नाही, आणि मग म्हणाला, "अरे, पण मला हे आजपर्यंत कुणी सांगितलंच नाही ना." हे खरं होतं. आम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून आम्ही एकमेकांना सांगायला लागलो, आणि आम्हाला जे उपयोगी पडलं ते सगळं क्रमाने इथे लिहितोय.

आधी माणसं आणि नियम

चार ते सहा जण पुरेत. सहाच्या वर गेलं की दोघंच बोलतात आणि बाकीचे चहा पितात. इंग्रजी फर्डं बोलणारा कुणी असायलाच पाहिजे असं काही नाही, आमच्यात नव्हताच.

नियम दोनच ठेवा पण ते कडक पाळा. एक, बोलणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही, चुका कागदावर टिपायच्या आणि त्याचं बोलून झालं की सांगायच्या, कारण दर वाक्याला थांबवलं की माणूस पुढच्या वेळेला बोलतच नाही. दोन, हसायचं नाही. एकदा जरी कुणी कुणाच्या उच्चारावर हसलं तरी तो माणूस महिनाभर फक्त सोपे शब्द वापरतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

शब्द इंटरनेटवरच्या याद्यांमधून घेऊ नका. प्रत्येकाने त्या आठवड्यात आपल्याला अडलेले तीन शब्द आणायचे. आमच्यातली एक बँकेत आहे, ती पावती ह्या अर्थाचा शब्द घेऊन आली, ज्यात पी गप्प असतो आणि उच्चार होतो 'रिसीट', आणि घरावरच्या कर्जाचा शब्द, 'मॉर्टगेज' नाही तर 'मॉर्गिज'. दवाखान्यात काम करणारा मित्र 'स्टमक', 'सायकायट्रिस्ट' घेऊन येतो. हॉटेलच्या किचनमध्ये असलेला एक जण आहे, त्याच्याकडून आम्हाला कळलं की ज्याला आपण सगळे बाउल म्हणतो तो इंग्रजीत 'बोल' आहे, ओव्हन हा 'अव्हन' आहे, बदामाच्या शब्दात एल बहुतेक जण म्हणत नाहीत, 'आमंड', आणि त्या सुप्रसिद्ध माशाच्या नावात तर एल कधीच म्हणत नाहीत, 'सॅमन'. आपल्या कामातला शब्द असला की तो दुसऱ्या दिवशीच वापरला जातो आणि मग तो विसरत नाही.

शब्द आधी कानाने घ्या, डोळ्याने नाही

आपली सगळ्यात मोठी अडचण अशी आहे की आपण देवनागरीत वाढलोय. देवनागरीत जे लिहिलंय ते वाचायचं, थोडेफार अपवाद सोडले तर अक्षर आणि आवाज ह्यांची जोडी ठरलेली, आणि तोच विश्वास आपण इंग्रजीवर ठेवतो. इंग्रजी स्पेलिंग तो विश्वास पाळत नाही आणि त्याला कारणं आहेत. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, तिथून पुढे स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं, पण साधारण १४०० ते १७०० ह्या काळात बोलण्यातले दीर्घ स्वर मात्र पार बदलून गेले, म्हणजे कपडे जुन्या मापाचे राहिले आणि अंग वाढलं. सुरीच्या शब्दातला के एकेकाळी खरंच म्हणायचे. आणि कर्जाच्या शब्दातला बी तर कधीच कुणी म्हणत नव्हतं, तो शब्द फ्रेंचमधून बी शिवाय आला होता, पुढे विद्वानांना वाटलं की लॅटिन मुळात बी आहे तर लिहिण्यात दिसला पाहिजे, म्हणून घातला. शंका ह्या अर्थाच्या 'डाउट'चंही तेच. बेटाच्या शब्दातला एस तर चक्क चुकीच्या समजुतीने घातलेला आहे. हे कळल्यावर आमच्या त्या मित्राचा चेहराच बदलला, कारण चूक त्याची नव्हती, त्याने जे लिहिलंय ते प्रामाणिकपणे वाचलं होतं.

तर पद्धत अशी. शब्दाचं स्पेलिंग वहीच्या मागच्या पानावर लिहा आणि पान उलटा. फोनवर केंब्रिज किंवा ऑक्सफर्डची डिक्शनरी उघडा, दोन्हींत ब्रिटिश आणि अमेरिकन असे दोन्ही आवाज ऐकायला मिळतात. तीनदा ऐका. मग जे ऐकू आलं ते प्रत्येकाने आपापल्या वहीत देवनागरीत लिहा, स्पेलिंग आठवायचं नाही. आता वह्या जुळवा. दोघांनी वेगळं लिहिलं असेल तर तिथेच खरी गंमत असते, परत ऐका, वाद घाला. आम्ही आरामदायक ह्या अर्थाच्या शब्दावर वीस मिनिटं घालवली होती, चौघांनी 'कम्फर्टेबल' लिहिलं आणि एकीने 'कम्फ्टबल', आणि सातव्यांदा ऐकल्यावर कळलं की तिचंच बरोबर आहे.

पूर्ण वाक्यात तो शब्द कसा येतो ते ऐकायचं असेल तर यूग्लिश नावाची साइट आहे, तिथे शब्द टाकला की माणसं तो बोलताना व्हिडिओतला नेमका तेवढा तुकडा लागतो. फार उपयोगी आहे.

देवनागरी कुठे पुरते आणि कुठे कमी पडते

देवनागरी हे आपलं बलस्थान आहे, ॲ आणि ऑ असल्यामुळे बॅट, बेड, बॉल, बोट हे आपण आरामात वेगळे म्हणतो. पण एका जागी ती फसवते.

आमचा किचनवाला मित्र एकदा सांगत होता की त्याने परदेशी पाहुण्याला नवीन सॉस दिला आणि म्हणाला, चव घेऊन बघा, तर पाहुणा गोंधळला, त्याला वाटलं कसली तरी परीक्षा घ्यायचीय. आम्ही म्हटलं बोलून दाखव. त्याने आधी चवीचा शब्द म्हटला, 'टेस्ट'. मग परीक्षेचा म्हटला, 'टेस्ट'. आम्हा चौघांना काही फरक कळला नाही, आणि त्यालाही कळला नाही, कारण मराठीत ए एकच आहे. मग डिक्शनरीतून दोन्ही एकापाठोपाठ लावले. परीक्षेचा आखूड आहे, तोंड एका जागी राहतं. चवीच्या शब्दात मात्र ए वरून जीभ इ कडे सरकते, 'टेइस्ट', शेवटी ओठ किंचित हसल्यासारखे ताणले जातात. गाल धरून म्हणून बघितलं तर बोटांना ते सरकणं कळतं. मग तो जवळजवळ दहा मिनिटं गाल धरून 'टेस्ट, टेइस्ट, टेस्ट, टेइस्ट' करत बसला आणि अचानक जमलं, आम्ही डोळे मिटून ऐकलं आणि दरवेळी बरोबर ओळखलं.

हाच फरक लिहायचा पेन आणि दुखणं ह्या अर्थाचा 'पेइन' ह्यांत आहे, उशीर झाला म्हणतो तो 'लेइट' आणि करू दे ह्या अर्थाचा 'लेट' ह्यांत आहे, थांबणं म्हणजे 'वेइट' आणि ओलं म्हणजे 'वेट' ह्यांत आहे. वहीत लांब वाल्याच्या मागे छोटा इ लिहायची सवय लावा.

आवाजांची तालीम: माझा आणि माझी

हा भाग मला सगळ्यात आवडतो कारण उत्तर मराठीतच आहे. आता मोठ्याने म्हणा, 'माझा'. आता म्हणा, 'माझी'. अक्षर तेच झ, पण जीभ वेगळ्या जागी लागते. माझामध्ये ती दातांच्या मागे असते, माझीमध्ये वर टाळूकडे जाते. त्याचा आणि त्याची ह्यांतल्या चचंही तसंच. म्हणजे दोन्ही आवाज आपल्या तोंडात आहेत, फक्त पुढे इ किंवा ए आला की जीभ आपोआप टाळूकडे पळते. म्हणूनच आपल्याकडे शून्याचा 'जिरो', पट्टेवाल्या प्राण्याचा 'जेब्रा', चेनची 'जिप' होते. इंग्रजी झेड म्हणताना जीभ माझाच्या जागी ठेवायची, दातांना पूर्ण टेकवायची नाही, आणि पुढे इ आला तरी हलू द्यायची नाही. सराव असा: माझा, झा, झाझा, झा-झि, झिरो. दोन आठवड्यांत फरक पडतो.

ह्याच्यावरून आम्ही एक सोपी परीक्षा काढली, तिला आम्ही ताणून बघणं म्हणतो. इंग्रजीतले जे आवाज आपल्याला जड जातात ते बहुतेक सगळे श्वास संपेपर्यंत ताणता येतात. आपला थ ताणून बघा, येत नाही, हवा अडते आणि फटकन सुटते. इंग्रजीत विचार करणे, धन्यवाद, तीन ह्या शब्दांच्या सुरुवातीला जो आवाज आहे तो ताणता येतो, जिभेचं टोक वरच्या-खालच्या दातांच्या मध्ये हलकं ठेवायचं आणि हवा सोडत राहायची. तीन सेकंद आवाज टिकला तर बरोबर, फट झाली तर तो थ. ह्याच जागी घशातून आवाज काढला की 'धिस' आणि 'दॅट'मधला आवाज मिळतो.

व्ही आणि डब्ल्यूचं तर आपण लिहिण्यात आधीच ठरवून ठेवलंय, व्हॅन, व्हिडिओ, व्हॉल्व्ह एका बाजूला आणि वॉच, वेटर, वायर दुसऱ्या बाजूला, पण बोलताना दोन्हींना एकच व वापरतो. व्ही ला वरचे दात खालच्या ओठावर, हवा घासत बाहेर, ताणता येतो. डब्ल्यूला दात लावायचेच नाहीत, शिट्टी मारताना करतो तसे ओठ गोल. एक सांभाळा, व्ह मध्ये ह दिसतो म्हणून ह म्हणू नका, ती फक्त लिहायची सोय आहे.

आनंद ह्या अर्थाचा 'प्लेझर', मोजमापाचा 'मेझर', दृष्टीचा 'व्हिजन' ह्यांच्या मधला आवाज मराठीत नाही. तो मिळवायचा तर 'शऽऽऽ' म्हणा, कुणाला गप्प करताना म्हणतो तसा, घशावर हात ठेवा, आणि न थांबता त्यात गुणगुणणं मिसळा. हाताला थरथर लागली की आला.

आणि कागदाची पट्टी. दोन बोटं रुंद कागद तोंडासमोर धरा आणि टाचणी ह्या अर्थाचा 'पिन' म्हणा. इंग्रज माणसाचा कागद फडफडतो, आपला हलत नाही, म्हणून त्यांना कधीकधी आपला पिन 'बिन' ऐकू येतो. शब्दाच्या सुरुवातीच्या प, ट, क ला थोडी हवा द्या. पण 'स्पिन'सारखा आधी स असेल तर नको, तिथे आपला प जसाच्या तसा बरोबर आहे.

ट आणि डच्या मागे फार लागू नका. आपली जीभ वळते, त्यांची हिरडीला लागते, पण त्यामुळे न समजण्याइतकं काही बिघडत नाही.

शेपटीचे आवाज: शाळेतली संधी आठवा

भूतकाळाचं ईडी आणि अनेकवचनाचं एस, इथे उच्चार आणि व्याकरण एकत्र येतात. शाळेत आपण कठोर वर्ण आणि मृदू वर्ण शिकलो होतो, प्रत्येक वर्गातले पहिले दोन कठोर, तिसरा-चौथा मृदू. सत् अधिक गुण म्हणजे सद्गुण, षट् अधिक रिपू म्हणजे षड्रिपू, शेजारी मृदू आला की कठोराचा मृदू होतो. इंग्रजीत मागून लागणारी शेपटी बदलते, पण तत्त्व हेच.

शब्दाचा शेवटचा आवाज कठोर असेल तर ईडीचा होतो ट: 'वॉक्ट', 'स्टॉप्ट', 'वॉश्ट', 'आस्क्ट'. मृदू किंवा स्वर असेल तर ड: 'कॉल्ड', 'प्लेड', 'लिव्ह्ड'. आणि शेवटी आधीच ट किंवा ड असेल तरच इड: 'वाँटिड', 'नीडिड'. म्हणजे 'वॉशेड', 'आस्केड' असं कधीच नाही. शेवटचं अक्षर नाही, शेवटचा आवाज बघायचा, हसला ह्या अर्थाच्या शब्दात स्पेलिंगला जी आणि एच आहेत पण आवाज फ आहे, फ कठोर, म्हणून 'लाफ्ट'.

एसचंही तसंच. कठोर मागे स, 'कॅट्स', 'बुक्स'. मृदू आणि स्वर मागे झ, माझा मधला, 'डॉग्झ', 'पेन्झ', 'डेझ'. आणि स, श, च, ज सारख्या आवाजामागे इझ, 'बसिझ', 'वॉचिझ'. तो म्हणतो ह्यातला शब्द 'सेज' नाही तर 'सेझ', आणि कपडे 'क्लोद्स' म्हणताना जीभ अडखळत असेल तर सरळ 'क्लोझ' म्हणा, तिकडेही बरेच लोक तसंच म्हणतात.

टाळी कुठे पडते

मराठीत आपण सगळ्या अक्षरांना जवळपास सारखा भाव देतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर आणि बाकीची अक्षरं बारीक होऊन आपल्या साध्या अ सारखी होतात, कमळमधल्या क इतकी. हे कळत नाही तोपर्यंत सगळे आवाज बरोबर असूनही समोरचा 'हं?' करतो.

सराव टाळीने करा. फोटोग्राफ, टाळी फो वर. फोटोग्राफीला टाळी दुसऱ्या अक्षरावर जाते आणि फो बारीक होतो, 'फटॉग्रफी'. फोटोग्राफिकला टाळी ग्रॅ वर. तीनही पारावर सगळ्यांनी मिळून टाळ्या वाजवत म्हणा, लोक बघतात, बघू देत.

एक नियम खूप कामाचा आहे: शेवट शन, इक किंवा इटी असा असेल तर टाळी त्याच्या लगेच आधीच्या अक्षरावर. 'एज्युकेशन'ला के वर, 'इकॉनॉमिक'ला नॉ वर, 'पॉसिबिलिटी'ला बि वर. 'पॉलिटिक्स'सारखे थोडे अपवाद आहेत, ते आले की वहीत वेगळे लिहायचे.

दुसरं, एकच शब्द नाम आणि क्रियापद दोन्ही असेल तर बऱ्याचदा नामाला टाळी पहिल्या अक्षरावर आणि क्रियापदाला दुसऱ्यावर. परमिट रूमच्या पाटीवरचं परमिट हे नाम, टाळी पर वर, आणि परवानगी देणे ह्या अर्थाने म्हटलं तर टाळी मिट वर. रेकॉर्ड, प्रेझेंट, एक्स्पोर्ट सगळे असेच.

शेवट एजीई किंवा कॉलेजसारखा ईजीई असेल तर बहुतेक वेळा 'इज' होतो, 'व्हिलिज', 'मेसिज', 'कॉलिज'. इथे माझं स्पष्ट मत आहे, मराठी बोलताना कॉलेज, मेसेजच म्हणा, ते आता मराठी शब्द आहेत आणि त्यांना आपल्या पद्धतीने म्हणण्यात काही चूक नाही. इंग्रजी वाक्यात मात्र इंग्रजी उच्चार.

अ की ॲन: बाराखडीची चाचणी

शाळेत शिकवलं की ए, ई, आय, ओ, यू आले की ॲन लावा, आणि तिथेच गोंधळ झाला. खरं तर नियम आवाजाचा आहे, आणि आवाज बघायला देवनागरीइतकं सोपं काही नाही. पुढचा शब्द देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ॲन, व्यंजन असेल तर अ. संपलं.

'अवर' म्हणजे तास, स्वर, म्हणून ॲन अवर. 'युनिव्हर्सिटी', य, म्हणून अ युनिव्हर्सिटी. एमबीए, एफआयआर, एसएमएस, एटीएम सगळे स्वराने सुरू, ॲन. यूपीआय ऐकताना 'यू', पहिला आवाज य चा, म्हणून अ यूपीआय पेमेंट. आमच्या बँकवालीने आणलेलं उदाहरण मला फार आवडलं, अ वन टाइम पासवर्ड, पण ॲन ओटीपी. वस्तू तीच! स्पेलिंगमध्ये यू ने सुरू होणारे शब्द तेवढे नीट ऐका, सुरुवातीला य ऐकू येतोय का ते बघा, छत्रीचा 'अम्ब्रेला' स्वर आहे म्हणून ॲन. हीच चाचणी 'द'लाही चालते, पुढे व्यंजन तर 'द', स्वर तर 'दी'.

आणि मुळात लावायचं की नाही हे ठरत नसेल तर एवढं धरा: मोजता येणारी एकच वस्तू वाक्यात उघडी सोडायची नाही. आपण 'बाइक घेतली' म्हणतो म्हणून 'आय बॉट बाइक' निघतं. तिच्यापुढे अ, द, माय, धिस, काहीतरी पाहिजेच.

मराठी वाक्य खाली असतं ते ओळखा

व्याकरणासाठी आम्ही पुस्तक उघडत नाही. चुकीचं वाक्य कुणी बोललं की विचारतो, ह्याचं मराठी काय होतं? नव्वद टक्के वेळा चूक तिथेच सापडते.

"मी पाच वर्षांपासून इथे राहतो." राहतो हा वर्तमानकाळ आणि पासून एकच, म्हणून 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स'. इंग्रजीला पासूनचे दोन तुकडे लागतात. सुरुवातीचा बिंदू सांगत असाल, सोमवार, २०१९, लग्न झाल्यापासून, तर सिन्स. किती काळ हे सांगत असाल, दोन तास, पाच वर्षं, तर फॉर. आणि क्रियापद 'हॅव बीन लिव्हिंग'. सरावाला प्रत्येकाने आपल्याबद्दल तीच गोष्ट दोनदा सांगायची, एकदा बिंदूने एकदा लांबीने. 'आय हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स २०१९', मग तेच फॉर लावून.

"तो गेला नाही." मराठीत नकार लावला तरी गेला तसाच राहतो, म्हणून 'ही डिडन्ट वेंट' होतं. इंग्रजीत भूतकाळ डिडने उचलला की क्रियापद मोकळं होतं, 'ही डिडन्ट गो'.

"मी इथेच राहतो." आपला च इंग्रजीत गेला की 'आय लिव्ह हिअर ओन्ली' होतो. इंग्रजी च चं काम बऱ्याचदा आवाजाच्या जोराने करते, 'आय लिव्ह हिअर', आणि हिअर वर टाळी. टाळीचा सराव झाला असेल तर हे लगेच जमतं.

"तू येणार ना?" आपला ना सगळीकडे चालतो म्हणून 'यू आर कमिंग, इझन्ट इट?' इंग्रजीत ना ला वाक्यातल्या कर्त्याशी आणि क्रियापदाशी जुळवावं लागतं, 'यू आर कमिंग, आरन्ट यू?', 'शी कॅन ड्राइव्ह, कान्ट शी?' सुरुवातीला जड जातं, तोपर्यंत 'राइट?' लावा, बोलण्यात ते अगदी बरोबर आहे.

बाकीचे पटकन सांगतो. "मला दोन भाऊ आहेत" ला 'हॅविंग' नको, 'आय हॅव'. "माझ्यावर रागावला" मधला वर 'ऑन' नाही, 'विथ'. "त्याच्याशी लग्न झालंय" मधला शी 'विथ' नाही, 'मॅरिड टू'. "बद्दल चर्चा करू" मधला बद्दल 'डिस्कस'पुढे लागतच नाही. लाइट 'क्लोज' करत नाहीत, 'स्विच ऑफ' करतात. "मला माहीत नाही तो कुठे आहे" ह्यात आत प्रश्न असला तरी उलटायचं नाही, 'आय डोन्ट नो व्हेअर ही इज'.

एक तास कसा घालवायचा

पहिली वीस मिनिटं आणलेले शब्द, ऐकणं आणि वह्या जुळवणं. मग दहा मिनिटं एकाच आवाजाची तालीम, एका रविवारी एकच, झेड तर झेडच. मग अर्धा तास फक्त गप्पा, इंग्रजीत, विषय काहीही, गेल्या आठवड्यात काय झालं, कुणाच्या घरी काय शिजलं, आणि एक जण फक्त टिपणारा, तो बोलत नाही. मराठी शब्द आला तर येऊ द्या, वाक्य पूर्ण होणं महत्त्वाचं.

आठवडाभर व्हॉट्सॲपवर रोज एक व्हॉइस नोट, वीस सेकंदांची. पाठवायच्या आधी स्वतः ऐकायची. आपलाच आवाज ऐकताना कसंतरी होतं पण तिथे जे कळतं ते दुसऱ्याने सांगून कळत नाही. फोनच्या कीबोर्डवरचा माइक हाही चांगला परीक्षक आहे, फक्त वाक्य सांगू नका, फोन संदर्भाने अंदाज करतो आणि चुकलेलं बरोबर लिहितो. एकेक सुटा शब्द सांगा आणि तो काय टाइप करतो बघा.

ब्रिटिश की अमेरिकन ह्यावर आमचे दोन रविवार गेले. वेळापत्रकाला 'शेड्यूल' म्हणा किंवा 'स्केड्यूल', सैन्यातल्या हुद्द्याला 'लेफ्टेनंट' म्हणा किंवा 'लूटेनंट', दोन्ही बरोबर, डिक्शनरीतला एक आवाज निवडा आणि वहीभर तोच ठेवा. आणि सैन्यावरून आठवलं, स्पेलिंगमध्ये दोन एल असूनही 'कर्नल' हा शब्द आपण मराठीत आधीपासूनच बरोबर म्हणतो, कारण तो आपण कानाने घेतला.

पहिल्या रविवारसाठी आमची सुरुवातीची बारा देतो, बरोबर उच्चार लिहिलेत, स्पेलिंग तुम्ही शोधा: वेन्झडे, रिसीट, सटल, प्लमर, डिटर्मिन, विमिन, क्वायर, क्यू, बेरी म्हणजे पुरणे, आयर्न, प्रनन्सिएशन, आणि डेट म्हणजे कर्ज. शेवटचा शब्द आमचा मित्र पुढच्या मुलाखतीत स्वतःहून वाक्यात घालून आला, आणि त्या संध्याकाळचा चहा त्यानेच पाजला.